तीन नळ, चौतीस मुले आणि प-फ-ब-भ : महामारीतल्या दुसरीच्या वर्गाचा माझा अनुभव

मुंबईतील लालबाग-काळाचौकी परिसरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी प्राथमिक विभागात शिकवते. मार्च २०२० च्या मध्याला शाळा बंद झाल्या आणि मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग पुन्हा भरले ते थेट १५ डिसेंबर २०२१ रोजी. त्या वर्षी माझ्याकडे दुसरीचा वर्ग होता आणि पटावर ३४ मुले होती. या मुलांनी पहिलीचे संपूर्ण वर्ष आईच्या नाहीतर मोठ्या भावाच्या मोबाइलवर काढले होते. प्राथमिक शाळेचा बाक, घंटा, रांग, शेजारी बसलेला मित्र यांतले काहीही त्यांच्या वाट्याला आलेले नव्हते. पटावर ती दुसरीत होती, पण शाळेचा पहिला दिवस त्यांनी अजून पाहायचा होता. पुढच्या चार महिन्यांत आम्ही शाळा कशी चालवली, काय जमले आणि कुठे चुकलो, ते मला नीट लिहून ठेवायचे आहे.

शाळा आधी १ डिसेंबरला सुरू होणार होत्या. करोनाच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकाराच्या बातम्या आल्या आणि मुंबईपुरती ती तारीख १५ वर गेली. आम्हा शिक्षकांना हे पंधरा दिवस मिळाले नसते तर मुलांना त्या वर्गांत बसवणे शक्यच नव्हते. बंद खोल्यांच्या तुटक्या काचांमधून कबुतरे आत शिरली होती. बाकांवर, पुस्तकांच्या कपाटावर, पंख्यांच्या पात्यांवर विष्ठेचे थर साचले होते. ही विष्ठा कोरडी झाडली की तिची धूळ छातीत जाते. म्हणून शाळेच्या शिपाई मामांनी आधी सगळीकडे पाणी शिंपडले, मग खरवडून काढले आणि काचांच्या जागी जाळ्या ठोकल्या. गच्चीवरची टाकी उपसली तेव्हा तळाशी वीतभर गाळ निघाला. बाकांसाठी एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण वापरायचे होते. आमच्या मावशी वर्षानुवर्षे स्वच्छतागृहात अ‍ॅसिड वापरत आलेल्या. जास्त स्वच्छ व्हावे या भल्या हेतूने त्यांनी एका बादलीत दोन्ही एकत्र केले आणि क्षणात घसा जळू लागला. त्या खोकत बाहेर आल्या, आम्ही दारे-खिडक्या सताड उघडल्या, तासाभराने त्यांना बरे वाटले. या दोन्हींच्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो, ही गोष्ट द्रावणाची बाटली हातात देण्यापूर्वीच त्यांना सांगायला हवी होती. ती आम्ही सांगितली नाही, याची बोच मला आजही आहे.

त्याच दिवसांत पालकांकडून लेखी संमतीपत्रे घ्यायची होती. पहिल्या आठवड्यात चौतिसांपैकी एकोणीसच आली. उरलेल्या पालकांना मी संध्याकाळी एकेक करून फोन केले. एक आई म्हणाली, “बाई, दहा बाय बाराची खोली आमची. सासूबाईंना दमा आहे. पोराने शाळेतून काही आणलं तर मी त्याला झोपवू कुठे?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी एवढेच म्हटले, “ताई, तुम्ही सही नका करू. त्याचा अभ्यास मी फोनवर चालू ठेवते.” तो मुलगा मार्चमध्ये शाळेत आला. तिच्यावर दबाव आणला नाही हे बरेच झाले, असे मला वाटते.

वर्गाचे दोन गट केले. एका बाकावर एक मूल, रोज सतरा मुले आणि तीन तासांची शाळा. डबा उघडायचा नाही, म्हणून घरून खाऊन यायचे.

फाटकात तापमान मोजण्याचे काम आम्हा शिक्षकांकडे पाळीपाळीने असे. त्या यंत्राचा कपाळावरचा आकडा दिसतो तितका विश्वासाचा नसतो, हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आले. डिसेंबरच्या गार सकाळी चालत आलेल्या मुलाचे कपाळ ३४ अंश दाखवी, तर उन्हात रांगेत थांबलेल्याचे ३८. एका धडधाकट मुलाला आम्ही परत पाठवायला निघालो होतो आणि तो हमसून रडायला लागला, कारण इतक्या महिन्यांनी उघडलेल्या शाळेतून आपल्याला घालवून देत आहेत एवढेच त्याला कळले. त्यानंतर आकडा जास्त दिसला की मुलाला पाच मिनिटे सावलीत बसवायचे आणि पुन्हा मोजायचे, असे ठरले. आकड्यापेक्षा मुलाच्या चेहऱ्याकडे आणि चालण्याकडे पाहणे अधिक उपयोगी पडले. दुसरीच्या बाईंना आजारी मूल लांबून ओळखता येते.

खरी परीक्षा हात धुण्याची होती. नियमावलीत ते एका ओळीत लिहिलेले असते. आमच्या मजल्यावर आठ वर्ग आणि नळ तीन. साबणाने हात नीट धुवायला पाऊण ते एक मिनिट लागते. त्यात बाह्या सावरणे, पाण्याशी खेळणे आणि मागच्याला जागा करून देणे धरले की एका मुलाला दीड मिनिट. सतरा मुले, तीन नळ, म्हणजे सहा फेऱ्या आणि जवळजवळ दहा मिनिटे. आल्यावर एकदा आणि जाताना एकदा असा हिशेब केला तर आठ वर्गांना मिळून १६० मिनिटे होतात आणि शाळा होती १८० मिनिटांची. पहिल्या दिवशी हा हिशेब आम्ही केलाच नव्हता. सगळे वर्ग एकदम नळावर गेले, अंतराच्या पांढऱ्या वर्तुळांवर तीन-तीन मुले उभी राहिली आणि ज्या गर्दीतून मुलांना वाचवायचे ती गर्दी आम्हीच तयार केली. दोन मुलींचे गणवेश भिजले, पहिला तास बुडाला.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही सर्व शिक्षिका मोठ्या बाईंच्या खोलीत बसलो आणि फळ्यावर नळांचे वेळापत्रक मांडले. शाळेत येण्याच्या वेळाच दहा-दहा मिनिटांनी पुढे-मागे केल्या. चाळीत प्रत्येक दारासमोर असतात तशी दोन निळी पिंपे आणली. नळजोडणीचे काम करणाऱ्या एका पालकाने त्यांना तोट्या बसवून दिल्या आणि मजुरी घेतली नाही. साबणाच्या वड्या मुलांच्या हातातून निसटून मोरीत पडत, म्हणून मावशींनी त्या कांद्याच्या जाळीच्या पिशव्यांत घालून प्रत्येक तोटीला बांधल्या. जाळीवर हात घासला की फेसही भरपूर येई. साबण विषाणूभोवतीचे स्निग्ध आवरण विरघळवतो, हे मुलांना समजावे म्हणून मी तेलाचा हात आधी नुसत्या पाण्याने आणि मग साबणाने धुऊन दाखवला. दुसरीच्या मुलाला तेवढे पुरते. किती वेळ धुवायचे यासाठी सेकंद मोजणे त्यांना जमत नव्हते, म्हणून ‘प’ची बाराखडी सावकाश दोनदा म्हणायची, असे ठरवले.

सॅनिटायझर मात्र मी माझ्या वर्गातून काढून घेतले. तिसऱ्याच दिवशी एका मुलाने ते चोळलेला हात डोळ्याला लावला. पंधरा मिनिटे आम्ही त्याचा डोळा पाण्याखाली धरला होता. सहा-सात वर्षांच्या मुलांच्या हाताशी ती बाटली नकोच, असे माझे ठाम मत झाले. मास्कची कथा निराळीच. मुले एकमेकांना मास्क दाखवत आणि आवडला की सरळ अदलाबदल करत. छोट्या भीमचा मास्क एका दिवसात तीन चेहऱ्यांवर फिरलेला मला आढळला. रागावून उपयोग नव्हता, कारण त्यांच्या दृष्टीने ती मैत्री होती. शेवटी मास्कच्या आतल्या कडेला प्रत्येकाचा हजेरी क्रमांक पेनाने लिहिला आणि दोन मास्क दप्तरात जास्तीचे ठेवायला पालकांना सांगितले.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले त्याकडे येते. दुसरीच्या बाईंचे अर्धे शिकवणे ओठांवर असते. प, फ, ब, भ, म ही अक्षरे ओठ मिटून उघडताना होतात आणि मूल ती कानाइतकीच डोळ्यांनी शिकते. माझ्या आणि त्यांच्या तोंडावर तीन पदरी कापड होते. मी ‘भाकरी’ म्हटले की सतरा वह्यांपैकी नऊ वह्यांत ‘बाकरी’ उतरे; ‘फळा’चे ‘पळा’ होई. एरवी मी मुलांना तोंडासमोर कागदाची पट्टी धरायला सांगते. ‘प’ म्हटले की पट्टी जवळजवळ स्थिर राहते, ‘फ’ म्हटले की ती झटक्याने पुढे जाते, आणि अल्पप्राण-महाप्राण हे शब्द न उच्चारता मुलांना फरक कळतो. वर्गात ते करणे शक्य नव्हते. म्हणून एका रात्री मी माझ्या नुसत्या ओठांचे आणि समोर धरलेल्या पट्टीचे चित्रण केले, प्रत्येक अक्षर तीनदा म्हटले आणि ते पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठवले. कित्येक घरांत फोन रात्री वडील कामावरून परतल्यावरच मुलांच्या हाती येई. तरी नऊ-साडेनऊनंतर ध्वनिमुद्रिते यायला लागत : प, फ, ब, भ, मागे प्रेशर कुकरची शिट्टी आणि आईचा आवाज, “पट्टी जवळ धर, जवळ.”

ते चित्रण करताना, फोनच्या पडद्यावर हलणारी ती पट्टी पाहताना, माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. ज्या श्वासाने पट्टी हलते त्या श्वासाचीच तर ही सगळी काळजी आहे. हा विषाणू मुख्यतः श्वासावाटे हवेतून पसरतो हे तोवर स्पष्ट झालेले होते आणि आम्ही मात्र दिवसातून दोनदा बाक पुसण्यात मावशींचा जीव काढत होतो, तर रस्त्याच्या बाजूच्या खिडक्या आवाज येतो म्हणून मिटून घेत होतो. मी मोठ्या बाईंशी बोलले. बाक शाळा सुटल्यावर एकदाच पुसायचे आणि खिडक्या, दार दिवसभर उघडे ठेवायचे, असा बदल त्यांनी केला. बसचे हॉर्न आणि लाद्या कापण्याचा आवाज थेट वर्गात येऊ लागला, मला तीन तास ओरडून शिकवावे लागे आणि फेब्रुवारीत माझा घसा पार बसला. तरीही पुन्हा तशी वेळ आली तर मी पहिल्या दिवसापासून खिडक्या उघडेन.

मधल्या काळात ३ जानेवारी २०२२ ला निर्णय आला आणि दुसऱ्या दिवसापासून पहिली ते नववी आणि अकरावीचे वर्ग पुन्हा बंद झाले. मुलांना रांगेत उभे राहणे नुकतेच जमू लागले होते. मी मुलुंडहून गाडीने येत असे. त्या आठवड्यात डब्यात जिकडे-तिकडे खोकणारी माणसे होती. घरी पोचल्यावर आधी न्हाणीघर आणि मग सासऱ्यांच्या खोलीचे दार, हा नेम मी तेव्हा एक दिवसही मोडला नाही. २४ जानेवारीला शाळा परत उघडली. या खेपेला मात्र वेळापत्रक, पिंपे, जाळ्या सगळे तयार होते आणि मुलांनाही ते ठाऊक होते. पहिल्याच सकाळी एक मुलगी नळाजवळ आली, बाह्या वर केल्या आणि कुणी न सांगता बाराखडी सुरू केली.

२ मार्चपासून पूर्ण उपस्थितीने शाळा भरू लागली. दोन्ही गट एकत्र आले तेव्हा आपला वर्ग इतका मोठा आहे हे मुलांना प्रथमच कळले; वर्षभर एकाच वर्गात असलेली दोन मुले एकमेकांना नाव विचारत होती. २ एप्रिलला गुढीपाडव्यापासून राज्यात मास्क ऐच्छिक झाला. सोमवारी, ४ एप्रिलला, निम्मी मुले तरीही मास्क लावून आली आणि मी कुणालाही काढायला सांगितले नाही. ज्यांनी काढला होता त्यांना खिडकीकडच्या बाकांवर अंतर ठेवून बसवले, जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या वाटल्या आणि म्हटले, “म्हणा, ब.” पट्ट्या किंचित थरथरल्या. “आता भ.” सगळ्या पट्ट्या एकदम पुढे गेल्या. डिसेंबरपासून ‘बाकरी’ लिहिणारी एक मुलगी पट्टीकडे पाहत राहिली, मग तिने पुन्हा एकदा, एकटीनेच, ‘भ’ म्हणून पाहिला आणि पाटीवर ‘भाकरी’ लिहून ती मला दाखवायला आणली.

जून २०२२ मध्ये नव्या वर्षाचे वेळापत्रक तयार होत असताना हात धुण्याच्या दहा मिनिटांवर काट मारलेली मी पाहिली. ती वेळ राहू द्यावी, अशी विनंती मी लेखी केली. सोबत तीन नळांचा आणि १६० मिनिटांचा हिशेब जोडला. मोठ्या बाईंनी तो संस्थेपुढे ठेवला. दहा मिनिटे मधल्या सुट्टीच्या आधी कायम राहिली आणि गणपतीच्या सुट्टीत चार नळ आणखी बसले. ते आम्ही जुन्या नळांपेक्षा वीतभर खाली बसवून घेतले, म्हणजे पहिली-दुसरीच्या मुलांना टाचा उंचावाव्या लागत नाहीत आणि बाह्याही भिजत नाहीत.