ग्लासगोच्या वॉर्डातलं इंग्रजी

ओईटी ही इंग्रजीची परीक्षा झाली, ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा झाली, ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलचा पिन, म्हणजे नोंदणी क्रमांक आला, म्हणजे इंग्रजीचा प्रश्न मिटला असं आपल्याकडे धरून चालतात. ग्लासगोला वृद्धांच्या वॉर्डात रुजू झाल्यावर माझा कान तयार व्हायला सुरुवात झाली ती त्यानंतर. अवघड शब्द अडत नाहीत, ते विचारता येतात. अडतात ते शाळेपासून ओळखीचे असलेले.

हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती सोपवताना, रात्रपाळीची सिस्टर म्हणाली, खिडकीजवळच्या आजी रात्रभर ‘ग्रीटिंग’. म्हणजे रडत होत्या. जुन्या इंग्रजीतला हा शब्द स्कॉटलंडनं जपलाय. ‘जॅग’ म्हणजे इंजेक्शन, ‘मेसेजेस’ म्हणजे वाणसामान. मुलगी ‘बॅक ऑफ नाइन’ला येणार म्हणजे नऊ वाजून गेल्यावर, थोड्या वेळात. एका आजोबांना स्कॅनसाठी उपाशी ठेवायचं होतं. त्यांनी विचारलं, ‘हाऊ?’ त्यांना कारण हवं होतं; इथे ‘हाऊ’ म्हणजे ‘का’सुद्धा.

पण सगळ्यात जपून ऐकायचा शब्द ‘माइंड’. सकाळच्या गोळ्या घेतल्या का, विचारलं की आजी म्हणतात, ‘आय कॅने माइंड.’ मला आठवत नाही! शाळेत शिकलेल्या ‘माइंड’मधल्या हरकतीचा इथे काही संबंध नाही. हे कळलं नाही तर विसरण्याची नोंदच राहून जाते, आणि आमच्या वॉर्डात तीच नोंद मोलाची. डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक येणारा गोंधळलेपणा, ओळखायला आम्ही ४एटी चाचणी घेतो. तीही इथलीच, स्कॉटलंडमधल्या एडिनबराची. वय, जन्मतारीख, ठिकाण, चालू वर्ष विचारायचं, मग डिसेंबरपासून महिने उलटे म्हणायला सांगायचे. पेशंट गोंधळलाय की आपल्याला त्याची बोली कळली नाही, हे तिथे आधी ठरवावं लागतं.

मला तारलं ते वॉर्डातल्या स्थानिक सपोर्ट वर्कर बायकांनी. शंका आली की तिथल्या तिथे विचारायचं, केसपेपरवर पेशंटचे शब्द अवतरणात जसेच्या तसे लिहायचे आणि शेजारी अर्थ. कुणाचं इंग्रजी सुधारायला मात्र जायचं नाही. ते अशुद्ध नाही, त्यांच्या घरचं आहे. वऱ्हाडातल्या माणसाला ‘करून राहिलो’वरून कुणी टोकलं की मला जो राग येतो, तोच इथे येतो.

नव्या सिस्टर आल्या की मी त्यांना इन्सुलिनच्या वेळा आधी समजावते. पेशंट ‘डिनर’ म्हणाला तर ते बहुतेक दुपारचं जेवण, आणि ‘टी’ म्हणाला तर चहाचा कप नव्हे, संध्याकाळचं जेवण. डोस देण्याआधी घड्याळातली वेळ विचारून घ्या.