चिंगकालीन मंगोल नकाशा : ४९ चा ताळा अखेर जुळला

चीनच्या चिंग राजघराण्याच्या काळातील मंगोल प्रदेशाचा नकाशा संगणकावर काढण्याचे माझे काम चालू आहे. मागच्या नोंदीत अंतर्मंगोलियाच्या खोशूनांची (एकेका जसाकाच्या, म्हणजे सरदाराच्या, ताब्यातील प्रशासकीय विभागांची) बेरीज ४७ वर अडल्याचे लिहिले होते. काल रात्री ती ४९ झाली.

६ चुल्गान (खोशूनांचे संघ), २४ ऐमग (इथे टोळ्या), ४९ खोशून हा अंतर्मंगोलियाचा चिंग दरबाराचा हिशेब आपल्याला पाठच आहे. माझ्या तक्त्यात चुल्गानवार खोशूनांचे जिरिम १०, शिलिंगोल १०, इख जू ७ आणि जोसोतू ५ हे आकडे पहिल्यापासून बरोबर होते. जू उदा मात्र ११ ऐवजी १० वर आणि उलानचाब ६ ऐवजी ५ वर थांबत असे. तीन आठवडे मी सीमारेषांवर संशय घेतला, क्यूजीआयएस या नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुभुज (प्रदेशांच्या बंद आकृत्या) पुन्हापुन्हा जोडले आणि विकत घेतलेल्या तयार नकाशा-थराला मनोमन शिव्या दिल्या. (तो थर टाकाऊच आहे, पण या चुकीचा दोष त्याचा नव्हता.) घोळ नावाचा होता. जू उदात खाल्खा डावी बाजू आणि उलानचाबात खाल्खा उजवी बाजू असे एकेक खोशून आहे, आणि ‘खाल्खा’ हे मुख्यतः उत्तरेकडच्या मंगोलांचे नाव दिसताच माझे सूत्र त्यांना थेट गोबी वाळवंटापलीकडच्या ऐमगांत (तिकडे ऐमग म्हणजे प्रांत) टाकत होते. वास्तविक हे दोन्ही गट उत्तरेकडच्या खाल्खांनी चिंग सत्ता मान्य केली त्या १६९१ च्या दोलोननोर मेळाव्याच्या कितीतरी आधी दक्षिणेला येऊन चिंगांच्या आश्रयाला राहिले होते. आता वर्गवारी टोळीच्या नावावरून न करता चुल्गानवरून केली आहे.

चाहार या दक्षिणेकडच्याच मंगोल गटाचे ८ विभाग या बेरजेत नाहीत, कारण त्यांचा राजपुत्र बुर्नी याच्या १६७५ च्या बंडानंतर त्यांना वंशपरंपरागत जसाक उरला नाही. त्यांना मी वेगळा करडा रंग दिला आहे.

यापुढे उत्तरेकडे प्रत्येक खोशूनचा बंद बहुभुज काढायचा, असे ठरले होते. पण जेब्त्सुनदाम्बा खुतुख्तू या खाल्खांच्या सर्वोच्च बौद्ध धर्मगुरूच्या इख शाबीतील (त्याच्या अधीन प्रजेतील) कुटुंबे निरनिराळ्या खोशूनांच्या कुरणांत विखुरलेली असत; त्यांना कुठल्या बहुभुजात बसवणार? हे लिहिता लिहिताच सुचले की जमिनीचा थर आणि माणसांचा थर वेगळे ठेवावेत. खोशूनचा पोटविभाग असलेला सुमदेखील मुळात १५० शिपायांचा हिशेब असल्यामुळे तोही दुसऱ्या थरात जाईल. त्याआधी काळपट्टी करावी लागेल, कारण साइन नोयोन ऐमग १७२५ मध्ये तुशेत खानाच्या ऐमगातून वेगळा निघाला आणि त्यापूर्वीच्या नकाशावर खाल्खांचे तीनच ऐमग दिसले पाहिजेत.