तुम्ही विचारलंत म्हणून: रस्ता विचारत खेळायचा खेळ

"दिवसभर लोकांचे पत्ते शोधत फिरता आणि रात्री कॉम्प्युटरवर गेममध्ये पुन्हा पत्तेच शोधता? त्यात मिळतं तरी काय?" लॅबमधल्या मुली विचारतात, शेजारच्या काकू विचारतात. माझी बहीण तर दर दिवाळीला विचारते. दर वेळी "आवडतं मला" म्हणून वेळ मारून नेते. आता तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

माझं काम होम कलेक्शनचं. पहाटे कळव्याहून निघायचं आणि ठाण्यात घरोघरी जाऊन रक्ताची सॅम्पल घ्यायची. फास्टिंगचा पेशंट रात्रीपासून उपाशी असतो. पत्ता सापडायला वीस मिनिटं जास्त लागली की त्याचा चहा वीस मिनिटं लांबतो. मागच्या पावसाळ्यात फोनमधल्या लोकेशनने मला एका सोसायटीच्या मागच्या भिंतीशी नेऊन उभं केलं. पिन बरोबर इमारतीवर, मी भिंतीच्या या बाजूला, गेट पलीकडच्या रस्त्यावर. शेवटी एका इस्त्रीवाल्याने सांगितलं, "पिठाच्या गिरणीकडून आत वळा, पिंपळापाशी गेट आहे." तो पत्ता मी आजही विसरलेले नाही. त्याच दिवशी पिन बघून गेलेली बाकीची सहा घरं मात्र आठवत नाहीत.

मी खेळते त्या गेमचं नाव मोरोविंड. अमेरिकेतल्या बेथेस्डा कंपनीने तो २००२ साली काढला. भावाने सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्याच्यासोबत हा गेमही मिळाला होता, खोक्यात घडी घातलेला कागदी नकाशा होता. व्हार्डनफेल नावाचं बेट आणि त्याच्या मधोमध धुमसणारा ज्वालामुखी. तुम्ही कैदी म्हणून बोटीने सेडा नीन नावाच्या लहानशा गावात उतरता. तिथे तुमची सुटका होते आणि हातात एक पाकीट देतात. ते बाल्मोरा शहरातल्या कायस कोसाडेसला द्यायचं असतं. त्याचं घर कुठे? ते कोणी सांगत नाही. साउथ वॉल नावाच्या गुत्त्यात जा आणि तिथे विचारा, एवढंच सांगतात.

पुढचा सगळा गेम असाच आहे. आता निघणाऱ्या बहुतेक गेममध्ये काम मिळालं की पडद्यावर बाण किंवा खूण येते आणि आपण तिच्या मागे चालत राहतो. याच मालिकेच्या २००६ सालच्या पुढच्या भागातही होकायंत्रावर तशी खूण आली. मोरोविंडमध्ये बाण नाही. माणूस तोंडी रस्ता सांगतो, तो गेममधल्या आपल्या डायरीत उतरतो, आणि पुढे आपले डोळे आणि आपले पाय.

एक उदाहरण सांगते. सुरुवातीलाच एका पडक्या भुयारी वास्तूतून एक छोटी पेटी आणायला पाठवतात. जागेचं नाव आर्कंगथांड. रस्ता असा: बाल्मोराच्या दक्षिणेकडून बाहेर पड, पूल ओलांड, पाटी बघून चढणीला लाग. मूनमॉथ किल्ला लागला की पूर्वेकडे चालत राहा. लाव्हा वाहून गेल्यावर उरलेल्या खोल घळीवर एक पुरातन पूल आहे, त्याच्या पलीकडे जा. तिथे पाइपावरची कळ फिरवली की दार उघडेल. पहिल्यांदा मी तो पूल पाहिलाच नाही. घळीत उतरले, राखेच्या वादळात सापडले आणि तासभर भलतीकडे चालत राहिले. परत आले, डायरी पुन्हा वाचली. "किल्ल्याच्या पूर्वेला" हे शब्द तिथेच होते, मी घाईत ओलांडून गेले होते. पूल दिसला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता, सकाळी साडेपाचला उठायचं होतं, आणि मी खुर्चीतच ताठ बसले. आतली पेटी तर आणखी कठीण. ती एका बाजूच्या खोलीत फळीवर ठेवलेली असते, इतर भंगारासारखीच दिसते. ती उचलल्याचा आनंद मला नंतर कुठल्याही मोठ्या राक्षसाला मारून मिळाला नाही.

आज त्या बेटावर डोळे मिटून फिरवलंत तरी मी कुठे आहे ते सांगेन. बाण असता तर हे झालं नसतं, असं माझं ठाम मत आहे. नव्या गेममध्ये डोंगर सुंदर असतात, पण मी तिथे बाणाकडे बघत असते.

प्रवासाचंही तेच. नकाशावर बोट ठेवलं आणि पोचलो, असं इथे होत नाही. सिल्ट स्ट्रायडर नावाचे प्रचंड उंच किड्यासारखे प्राणी आहेत, त्यांच्या पोकळ केलेल्या कवचात बसून जायचं. किनाऱ्याला होड्या. जादूगारांच्या संघाची आपापल्या ठाण्यांमध्ये वेगळी सोय. प्रत्येकाचे थांबे ठरलेले, सगळीकडून सगळीकडे काहीच जात नाही. कळव्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ऐरोली आमच्यापासून किती जवळ! पण लोकलने जायचं तर आधी उलटं ठाण्याला, मग पूल चढून ट्रान्स हार्बरची गाडी. कुठे उतरून काय पकडायचं हे डोक्यात बसलं की माणूस त्या गावचा होतो. त्या बेटावर मी तशी झाले.

आता खेळात काही खोट नाहीच, असं मी म्हणणार नाही. सुरुवातीची मारामारी फार लोकांना पळवून लावते. तलवार समोरच्याच्या अंगावर पडलेली दिसते आणि घाव लागतच नाही, कारण तो लागला की नाही हे आतमध्ये फासे टाकल्यासारखं ठरतं. त्यात तुमचं कौशल्य धरतात आणि थकवाही. नवा खेळाडू सगळीकडे धावत जातो, दमलेला पोचतो आणि मग वार हुकतात. चालत जा, दम राखून लढा, आपण शिकलोय तेच हत्यार वापरा, मग गाडी रुळावर येते. पण हे गेमने सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवं होतं. डायरीही मुळात तारखेवार एकामागून एक लिहिलेली, पन्नास कामं झाली की जुनी नोंद शोधताना जीव मेटाकुटीला येतो. २००२ सालीच आलेल्या ट्रिब्युनल या पुरवणी भागाने कामांप्रमाणे नोंदी लावून दिल्या. वाचनही भरपूर आहे. बहुतेक संवाद लिहिलेलेच आहेत, ऐकायला थोडेच. मी पहिल्या वेळी शेजारी डिक्शनरी घेऊन बसत होते. आणि काही ठिकाणी सांगितलेला रस्ताच चुकीचा निघतो. याचं मात्र मला कधी वाईट वाटलं नाही. विटाव्यात एका आजोबांनी मला पूर्ण आत्मविश्वासाने उलट्या गल्लीत पाठवलं होतं.

पण मी या गेमला सगळ्यात वर ठेवते ते एका पुढच्या गोष्टीसाठी. रस्ता जसा विचारावा लागतो तशीच इथे गोष्टही विचारावी लागते. फार पूर्वी नेरेवार नावाचा एक वीर मेला. तो कसा मेला? देवळातले पुजारी एक सांगतात. राखेच्या प्रदेशात तंबू ठोकून राहणाऱ्या टोळ्या वेगळंच सांगतात, आणि त्यात आज देव म्हणून पुजल्या जाणाऱ्या तिघांवर खुनाचा आरोप आहे. त्या तिघांपैकी एकाला, विवेकला, तुम्ही समोरासमोर भेटता. तो त्याची बाजू मांडतो. पुस्तकं वाचावीत तर ती एकमेकांना खोडून काढतात. तोच वीर पुन्हा जन्माला येणार अशी भविष्यवाणी आहे. तो तुम्ही आहात की इतरांनी तुम्हाला तसं ठरवलंय, याचा निकालही गेम तुमच्यावर सोपवतो. कुठेही बाण येऊन "हे खरं" असं दाखवत नाही.

चुकून महत्त्वाचा माणूस तुमच्या हातून मेला तर भविष्यवाणीचा धागा तुटला असं गेम कळवतो आणि विचारतो: मागे जायचं, की या मोडलेल्या जगात पुढे राहायचं? बाकीचे बरेच गेम अशा माणसांना मरूच देत नाहीत. इथे आपल्या हातून झालेलं झालेलं असतं. पंधरा-सोळा वर्षं लोकांच्या दंडाला पट्टा बांधून शीर शोधणाऱ्या माझ्यासारखीला हे फार खरं वाटतं. सुई चुकली तर चुकली, माफी मागून दुसरा हात बघायचा.

बहिणीचा मुलगा ऐरोलीला राहतो, नववीत आहे. मे महिन्याच्या सुट्टीत त्याच्या लॅपटॉपवर मी हा गेम घालून दिला. जुना असल्याने साध्या मशीनवरही चालतो. परवा रात्री त्याचा फोन आला.

"मावशी, पूल सापडला! पण दार उघडतच नाहीये. काय करू?"

"डायरीत बघ," मी म्हटलं.

"तू सांग ना. तुला माहितीये."

"सांगितलंय त्याने तुला. वाच."

तो काही बोलला नाही. फोनमधून गेममधल्या त्या डायरीची पानं उलटल्याचा आवाज येत राहिला.