तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा ग्रीन बेचा संघ टिकला कसा?

विस्कॉन्सिनमध्ये राहायला आल्यापासून भारतातून येणारे पाहुणे आणि अमेरिकेतल्याच मोठ्या शहरांत राहणारे मराठी मित्र मला एक प्रश्न हमखास विचारतात: न्यूयॉर्क, शिकागो, डॅलस यांच्या पंक्तीत लाखभर वस्तीच्या ग्रीन बेचा अमेरिकन फुटबॉल संघ कसा काय बसतो, आणि त्याला कोणी धनाढ्य मालक कसा नाही? बऱ्याच जणांना अर्धे उत्तर आधीच ठाऊक असते. संघ लोकांच्या मालकीचा आहे, त्याचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत आणि त्यांतल्या कोणालाही लाभांश मिळत नाही, एवढे त्यांनी ऐकलेले असते. या उत्तराने माझे समाधान होत नाही, कारण ग्रीन बेने पहिल्या दिवसापासून एखादे थोर तत्त्व म्हणून ही व्यवस्था निवडली असावी, असा त्यातून समज होतो. तसे घडले नाही. माझ्या मते खरे उत्तर १९२१ मध्ये, ग्रीन बे पॅकर्स या संघाच्या व्यावसायिक लीगमधल्या पहिल्या हंगामात आहे, आणि तो हंगाम नामुष्कीने संपला होता.

संघ जन्माला आला तो १९१९ च्या ऑगस्टमध्ये, ‘ग्रीन बे प्रेस-गॅझेट’ या वर्तमानपत्राच्या कचेरीत. अर्ल ऊर्फ कर्ली लॅम्बो हा एकविशीतला स्थानिक खेळाडू आणि जॉर्ज व्हिटनी कॅल्हून हा त्या पत्राचा क्रीडा-वार्ताहर, हे त्याचे दोन संस्थापक. लॅम्बो नोटर डेम विद्यापीठात थोडा काळ खेळून, आजारपणामुळे घरी परतला होता आणि डबाबंद मांस तयार करणाऱ्या इंडियन पॅकिंग कंपनीत नोकरी करत होता. कंपनीने गणवेशांसाठी ५०० डॉलर दिले आणि त्या उपकारापोटी तिचे नाव संघाला कायमचे चिकटले. सामने हॅगमायस्टर पार्कच्या उघड्या मैदानावर होत. सुरुवातीला तिथे कुंपणही नव्हते, त्यामुळे तिकीट लावणे शक्य नव्हते आणि प्रेक्षकांमधून टोपी फिरवून पैसे गोळा केले जात. पहिल्या वर्षाच्या शेवटी प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला १६ डॉलर ७५ सेंट आले. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढच्या दोन वर्षांत किती बदलले हे त्यावरून समजते.

तिकडे ओहायोमधल्या कँटन या गावी, सप्टेंबर १९२० मध्ये मोटारी विकणाऱ्या एका दुकानात काही संघांचे चालक जमले आणि त्यांनी अमेरिकन प्रोफेशनल फुटबॉल असोसिएशन स्थापन केली. आजच्या नॅशनल फुटबॉल लीगचे (एनएफएलचे) ते पहिले रूप. खेळाडू अधिक पैशांसाठी आज या संघाकडून, उद्या त्या संघाकडून खेळत आणि पदवी न मिळालेले विद्यार्थी खोट्या नावांनी मैदानात उतरत. या दोन्ही गोष्टींना आळा घालणे हा संघटनेचा मुख्य हेतू होता. पहिल्या वर्षी नामवंत खेळाडू जिम थॉर्प अध्यक्ष होता, परंतु घडी बसवली ती १९२१ मध्ये आलेल्या जो कार यांनी.

त्याच वर्षी लॅम्बोच्या मालकांची कंपनी शिकागोच्या अॅक्मे पॅकिंग कंपनीच्या ताब्यात गेली. नव्या चालकांपैकी जॉन आणि एमेट क्लेअर या बंधूंना फुटबॉलमध्ये रस होता आणि २७ ऑगस्ट १९२१ रोजी लीगने ग्रीन बेचा संघ त्यांच्या नावावर मंजूर केला. म्हणजे लीगमध्ये शिरला तो संघ कागदोपत्री गावाचा नव्हताच. तो कंपनीच्या दोन चालकांचा होता, आणि गणवेशावरही कंपनीचेच नाव होते. ग्रीन बेची वस्ती तेव्हा ३१ हजारांच्या आसपास होती.

लीगबाहेरचे चार सामने जिंकून झाल्यावर, २३ ऑक्टोबरला, लीगचा पहिला सामना घरच्या मैदानावर मिनीॲपोलिस मरीन्सशी झाला. बराच वेळ पिछाडीवर असलेल्या ग्रीन बेला अखेरच्या टप्प्यात आर्ट श्मेलने टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन मिळणारे सहा गुण) मिळवून दिले, लॅम्बोने त्यानंतरचा गुण लाथेने साधला आणि सामना ७-६ असा खिशात आला. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपला संघ बाहेरच्या व्यावसायिक संघासमोर उभा राहू शकतो, हे लोकांनी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले. पुढच्याच आठवड्यात रॉक आयलंडने १३-३ असे हरवले. मग इव्हान्सव्हिलवर ४३-६ असा एकतर्फी आणि हॅमंडवर १४-७ असा विजय मिळाला, तर शिकागो कार्डिनल्सशी ३-३ अशी बरोबरी झाली. या बरोबरीचे मोल मी त्या ४३ गुणांपेक्षा अधिक मानतो. कार्डिनल्स हा मुरलेला संघ होता आणि त्याला ग्रीन बेच्या एका गुणानेही पुढे जाता आले नाही.

शेवटचा सामना २७ नोव्हेंबरला शिकागोत, जॉर्ज हॅलसच्या स्टेलीज संघाशी झाला. हाच संघ त्या वर्षीचा विजेता ठरला आणि पुढच्या वर्षापासून बेअर्स या नावाने ओळखला जाऊ लागला. सुमारे ३२० किलोमीटरचा प्रवास करून ग्रीन बेचे चाहते आपल्या बँडसह रेल्वेने तिथे गेले, आणि संघ २०-० असा हरला. त्याच सामन्यात स्टेलीजच्या टार्झन टेलरने ग्रीन बेच्या कब बकला ठोसा मारला. हा बक विस्कॉन्सिन विद्यापीठातून आलेला धिप्पाड खेळाडू होता आणि त्याला दर सामन्याचे ७५ डॉलर मिळत, असे सांगितले जाते. आधी सांगितलेल्या १६ डॉलर ७५ सेंटशी हा आकडा ताडून पाहिला, तर लीगमध्ये टिकण्याचा खर्च गावाला कुठे घेऊन चालला होता हे उघड दिसते. लीगमधला हिशेब तीन विजय, दोन पराभव आणि एक बरोबरी असा राहिला, आणि नव्या संघाला त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नव्हते.

लाज आणली ती हंगामानंतरच्या एका सामन्याने. ४ डिसेंबरला मिलवॉकीमध्ये रसीनच्या संघाशी सामना झाला. रसीन तेव्हा लीगमध्ये नव्हते, त्यामुळे निकालाचा गुणतक्त्याशी संबंध नव्हता. सामना ३-३ असा सुटला. पण त्या दिवशी पॅकर्सकडून नोटर डेमचे तीन विद्यार्थी खोट्या नावांनी खेळले होते, आणि ते उघडकीस आले. असे करणारे ग्रीन बे एकटे नव्हते, हे खरे आहे. स्टेलीजच्या सामन्याच्याच दिवशी इलिनॉयमधल्या टेलरव्हिल आणि कार्लिनव्हिल या दोन गावांच्या सामन्यात दोन विद्यापीठांचे खेळाडू असेच उतरवले गेले होते, आणि ते प्रकरणही त्याच हिवाळ्यात गाजले. विद्यापीठांचे प्रशिक्षक आधीच व्यावसायिक फुटबॉलवर नाराज होते, आणि लीगला तर खेळाडू त्यांच्याकडूनच मिळणार होते. कोणावर तरी कारवाई करून दाखवणे कार यांना भाग होते. २८ जानेवारी १९२२ च्या बैठकीत क्लेअर यांनी माफी मागून संघ मागे घेतला, आणि पहिल्याच हंगामानंतर ग्रीन बे लीगच्या बाहेर गेले.

लहान गावावर अन्याय झाला, असे इथले काही चाहते अजूनही मानतात. मी तसे मानत नाही. नियम ठाऊक असताना तो मोडला होता, आणि ज्यांच्या शिक्षणाचा प्रश्न होता अशा तीन तरुणांना त्याची किंमत मोजावी लागली. विद्यापीठाने त्यांना खेळातून काढून टाकले. शिक्षा योग्यच होती, आणि ग्रीन बेचे भलेही त्या शिक्षेतच झाले, असे मला प्रामाणिकपणे वाटते. कारण २४ जून १९२२ रोजी संघ परत मिळाला तो क्लेअर बंधूंना नव्हे, तर नियम पाळण्याचे वचन देऊन ५० डॉलर भरणाऱ्या लॅम्बोला. कंपनी आता बाजूला झाली होती. लॅम्बोकडे उत्साह भरपूर होता, पैसा नव्हता. त्यात १९२२ च्या हंगामात पावसाने सामन्यांचे उत्पन्न बुडवले. तेव्हा प्रेस-गॅझेटचे अँड्र्यू टर्नबुल आणि गावातली काही जाणती मंडळी पुढे आली, आणि १९२३ मध्ये पाच डॉलरचा एक याप्रमाणे हजार भाग विक्रीला काढून ग्रीन बे फुटबॉल कॉर्पोरेशन उभे राहिले.

आमच्याकडचे पाहुणे इथे सहकारी साखर कारखान्याची आठवण काढतात. पण तिथल्या सभासदाच्या उसाला भाव मिळतो, इथे भागधारकाला काहीच मिळत नाही. संघ विसर्जित झालाच, तर उरलेली रक्कम स्थानिक माजी सैनिकांच्या संघटनेकडे, सैनिकांच्या स्मारकासाठी जाईल, अशी तरतूद त्या वेळच्या घटनेत होती. त्यामुळे संघ विकून किंवा मोठ्या शहरात हलवून पैसा करण्याचा मोह कोणालाही होण्याचे कारण उरले नाही. १९२१ मध्ये लीगमध्ये २१ संघ खेळले. इव्हान्सव्हिल, हॅमंड, रॉक आयलंड ही ग्रीन बेसारखीच गावे काही वर्षांतच त्यातून नाहीशी झाली. आज त्या २१ पैकी तीनच संघ उरले आहेत; त्यांतले दोन त्या वर्षी २७ लाख वस्तीच्या शिकागोत खेळत होते, आणि तिसरा ग्रीन बेचा आहे.