दिवसाला चार सेकंद: आमची वाटचाल

म्हापशाच्या बाजारातलं आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान वडिलांनी थाटलं ते गोवा मुक्त झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरीला गोव्यात परदेशी माल भरपूर यायचा. ओमेगा, टिसॉ, रोमर, फाव्र-ल्यूबा ही नावं इथल्या घरांना परकी नव्हती. भाटकारांकडे, म्हणजे जमीनदारांकडे, स्विस घड्याळ असायचं, बोटीवरून परतणाऱ्या तारवटीच्या, म्हणजे खलाशाच्या, सामानातही असायचं. मुक्तीनंतर आयातीवर बंधनं आली, सुटे भाग मिळेनासे झाले आणि हाताशी असलेली घड्याळं जगवणाऱ्या कारागिराला मान आला. १९६१ सालीच एचएमटीने सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरात घड्याळांचं काम सुरू केलं होतं. पुढे चावीच्या एचएमटींनी आमचं टेबल भरून गेलं.

बाबा घड्याळ लावायचे ते आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांवर. दुरुस्त झालेलं घड्याळ ते लगेच देत नसत. रोज ठरलेल्या वेळी चावी द्यायची, ठोके ऐकायचे, सेकंदकाटा कुठे आहे ते वहीत लिहायचं. घड्याळ आज वीस सेकंद पुढे, उद्या वीस, परवाही वीस, असं असेल तर बाबा खूश. आज दोन सेकंद पुढे आणि उद्या पंधरा मागे गेलं, की यंत्र पुन्हा उघडायचं. पहिलं घड्याळ निरोगी आहे, नियामकाची, म्हणजे चाल कमीजास्त करणारी, दांडी केसभर सरकवली की काम झालं. दुसऱ्याच्या पोटात दुखणं आहे, असं ते सांगायचे. आमच्या दुकानाची सगळी वाटचाल मला त्या वहीतून निघालेली दिसते.

हे ते कुठून शिकले? मुरगाव बंदराशी संबंध असलेले, बोटीवरून निवृत्त झालेले एक अधिकारी दुकानात बसायला येत. बोटीवरचा क्रोनोमीटर, म्हणजे अतिशय काटेकोर घड्याळ, कसा वापरतात ते त्यांनी बाबांना समजावलं होतं. समुद्रात रेखांश काढायचा तर अचूक वेळ माहीत असावी लागते, आणि चार सेकंदांची चूक म्हणजे रेखांशात एक मिनिट, विषुववृत्तावर एक सागरी मैल. तरीही बोटीवरचा क्रोनोमीटर शून्यावर चालतो अशी कोणाची अपेक्षा नसे. तो रोज किती पुढे-मागे जातो ते बंदरातच ठरवलेलं असे आणि तेवढा हिशोब करून वेळ काढत. इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसनचं चौथं घड्याळ १७६१ साली जमैकाच्या सफरीवर गेलं. ते दिवसाला पावणेतीन सेकंदांच्या आसपास मागे पडतं हे निघण्यापूर्वीच नोंदवलेलं होतं. ती वजावट केल्यावर ८१ दिवसांनी चूक निघाली जेमतेम पाच सेकंदांची. इतिहासातल्या या सर्वांत नावाजलेल्या घड्याळाची कीर्ती त्याच्या सारख्या चालीवर उभी आहे.

मधला काळ कठीण गेला. सायकोचं पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर आणि स्फटिकाच्या कंपनांवर चालणारं, मनगटी घड्याळ टोकियोत १९६९च्या नाताळला आलं. आमच्याकडे त्याची झळ पोचली ती १९८७ साली टायटनची घड्याळं बाजारात आल्यावर. सेकंदाला ३२,७६८ कंपनं करणारा स्फटिक महिन्याला साधारण पंधरा सेकंदांच्या आत वेळ ठेवतो, आणि तोही चावी न देता. सेल बदलणं, पट्टे, काचा, भिंतीवरची घड्याळं यांवर दुकान चाललं. बाबांनी लूप, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, आणि चिमटे मात्र बाजूला ठेवले नाहीत.

गेल्या काही वर्षांत चावीची आणि ऑटोमॅटिक घड्याळं परत आली. आसगाव, शिवोली या पट्ट्यात मुंबई-दिल्लीहून येऊन राहिलेले लोक ती घेऊन येतात. क्रूझवर नोकरी करणारी बार्देशची मुलं पहिल्या मोठ्या पगारातून घेतलेलं घड्याळ दाखवायला येतात. यातल्या बहुतेकांची तक्रार एकच असते: एवढे लाख मोजले, आणि फोनशी ताडून पाहिलं तर रोज चार सेकंद पुढे. बिघडलं का?

बिघडलेलं नाही. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. आजकालच्या बहुतेक स्विस यंत्रांचा बॅलन्स, म्हणजे मागे-पुढे झोके घेणारं चाक, तासाला २८,८०० ठोके देतो, म्हणजे दिवसाला जवळजवळ सात लाख. हे सगळं एका पिळदार स्प्रिंगच्या आणि बारीक चाकाच्या जोरावर, हात हलत असताना, घाम आणि ऊन सोसत. त्यात चार सेकंद म्हणजे दहा हजारांत अर्ध्या भागाहूनही कमी फरक. स्वित्झर्लंडच्या अधिकृत क्रोनोमीटर तपासणीत, म्हणजे सीओएससीत, यंत्र १५ दिवस पाच स्थितींत (आडवं, उभं अशा) आणि ८, २३ व ३८ अंश तापमानांत चालवून बघतात. सरासरी चाल दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे या मर्यादेत बसली तर प्रमाणपत्र मिळतं. रोलेक्स २०१५पासून स्वतःच्या घड्याळांना दोन मागे ते दोन पुढे ही मर्यादा लावतं. ओमेगाची मास्टर क्रोनोमीटर शून्य ते पाच पुढे या कसोटीवर उतरतात. ग्रँड सायकोच्या यांत्रिक घड्याळांसाठी मोजमाप तीन मागे ते पाच पुढे असं आहे आणि तपासणी सतरा दिवस, सहा स्थितींत. या सगळ्यांत पुढे जाण्याला जास्त सूट आहे, किंवा निदान मागे पडण्याइतकीच. पुढे गेलेल्या घड्याळामुळे गाडी चुकत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. महागड्या घड्याळाने निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेत राहावं, हा मालकाचा हक्क आहे आणि तो मागायला संकोच करू नये. पण त्या मर्यादेत आल्यावर शून्याचा हट्ट धरण्यापेक्षा चाल रोज सारखी आहे का, ते पाहावं. रोज चार सेकंद पुढे जाणारं घड्याळ मी स्वतःच्या मनगटावर आनंदाने बांधीन.

हे गिऱ्हाइकाला दाखवता यावं म्हणून आम्ही टाइमग्राफर घेतला. त्याचा मायक्रोफोन यंत्राचे ठोके ऐकतो आणि पडद्यावर रेषा काढतो. गिऱ्हाइकाची नजर रोजच्या सेकंदांवर जाते, माझी आधी झोक्यावर. पूर्ण चावी दिलेल्या निरोगी घड्याळाचा बॅलन्स आडव्या स्थितीत साधारण २७० ते ३१० अंश झोका घेतो. झोका दोनशेच्या खाली आला असेल तर घड्याळ आज अगदी शून्यावर असलं तरी मी ते घेऊन जाऊ देत नाही. तेल वाळलेलं असतं किंवा घाण अडकलेली असते, आणि महिन्याभरात चाल कोसळते.

स्थितीचा परिणामही मोठा असतो. तबकडी वर ठेवली, उभं ठेवलं, चावीचा खुंट खाली केला, की प्रत्येक वेळी चाल थोडी बदलते. म्हणून कोणी तक्रार केली की आधी विचारतो, रात्री घड्याळ कसं ठेवता? आमच्या नोंदींवरून आम्ही सांगतो, रात्री असं ठेवलंत तर दिवसा पुढे गेलेले सेकंद भरून निघतील. पुष्कळांचं काम एवढ्यावरच भागतं, आणि त्याचे आम्ही पैसे घेत नाही.

घड्याळ एकाएकी मिनिटं-मिनिटं पुढे धावू लागलं तर बहुधा चुंबकाचा प्रताप असतो. फोनच्या कव्हरमधलं, पर्सच्या बटणातलं, स्पीकरमधलं चुंबक पुरतं. बॅलन्सला झोके देणाऱ्या बारीक हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि बॅलन्स घाई करतो. चुंबकत्व काढायला काही सेकंद लागतात.

गोव्यात सगळ्यांत मोठा शत्रू मात्र ओल. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, वर खारं वारं, आणि समुद्रात उतरताना खुंट नीट आवळायचा विसर. गंज आधी धरतो तो चावीच्या दांडीला आणि तिच्या शेजारच्या भागांना. कण सुटून यंत्रात गेले की चाल रोज वेगळी येऊ लागते, आणि मग कितीही नियमन करा, उपयोग शून्य. म्हणून सर्व्हिसिंगमध्ये रबरी गॅस्केट बदलणं आणि दाबाची चाचणी आम्ही वगळत नाही, गिऱ्हाइकाने नको म्हटलं तरी.

बाबांच्या वहीची जागा आता छापील चिठ्ठीने घेतली आहे. पाच स्थितींतली चाल, झोका, चोवीस तासांनंतरचा झोका, आणि आम्ही हमी देतो ती मर्यादा. क्रोनोमीटरसाठी निर्मात्याचीच मर्यादा, जुन्या एचएमटीसाठी दिवसाला तीस सेकंद. पुतणी दुकानात रुळली आहे. नियामकाची दांडी नसलेले, कडेच्या वजनांनी लावायचे बॅलन्स ती सध्या शिकते आहे. तिचा हात बसेपर्यंत तसली घड्याळं आम्ही तपासून, चिठ्ठी लिहून, कंपनीच्या केंद्राकडे पाठवायला सांगतो.