तुम्ही विचारलंत म्हणून : इच्छांच्या यादीला मुदत कशासाठी?

आयुष्यात करायच्या गोष्टींची माझी यादी ज्यांनी पाहिली आहे, ते जवळजवळ सगळेच विचारतात, की इच्छा असाव्यात, त्या लिहूनही ठेवाव्यात, पण प्रत्येकीपुढे मुदत कशासाठी? निवृत्तीनंतर तरी माणसाने तारखांच्या धाकातून सुटावे, असे त्यांचे प्रेमाचे म्हणणे असते.

माझे उत्तर असे, की या मुदती मी घातलेल्या नाहीत. ‘पासष्टीच्या आत’ किंवा ‘येत्या पाच वर्षांत’ अशा तारखा आपणच ठरवतो आणि आपणच पुढे ढकलतो, कारण त्या दिवशी प्रत्यक्षात काहीच संपत नसते. म्हणून यादीत नवी ओळ लिहिण्यापूर्वी ती गोष्ट माझ्यासाठी केव्हापर्यंत थांबणार आहे, याचा मी शोध घेते आणि तीच मुदत तिच्यापुढे मांडते.

येऊरच्या डोंगरातली कारवी हे याचे उत्तम उदाहरण आहे. ही झुडपे आठ वर्षांतून एकदा, सगळी एकाच पावसाळ्यात फुलतात. मग बी धरते, ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पिकते, झुडूप वाळून जाते आणि पावसाबरोबर नवी पिढी रुजते. 2016 नंतर ती 2024 मध्ये फुलली, तेव्हा मी तिचा जांभळा बहर रस्त्याच्या कडेने पाहिला. आता पाळी 2032 ची आहे आणि त्या वेळी मला उतारावर चालत, त्या फुलांमधून जायचे आहे. याचा अर्थ तोवर गुडघ्यांनी साथ दिली पाहिजे, हे त्या ओळीच्या पोटातले खरे काम. उपवन तलावाकाठची माझी रोजची फेरी त्यासाठीच आहे. 2032 हे साल तिथे लिहिलेले नसते, तर पावसाची भुरभुर पाहून मी सहज घरी थांबले असते.

काही मुदती नियमांनी घातलेल्या असतात. परराष्ट्र मंत्रालयामार्फत होणाऱ्या कैलास-मानसरोवर यात्रेला वयाची सत्तर वर्षे ही मर्यादा आहे, त्यामुळे त्या ओळीपुढे काय लिहायचे याचा विचारच करावा लागला नाही.

मात्र जिथे असा काठ दिसत नाही, तिथे आपल्या परंपरेतला नेम मला फार शहाणा वाटतो. ज्ञानेश्वरी अर्थासह वाचायची, ही इच्छा मुदतीशिवाय जन्मभर नुसती इच्छाच राहू शकते. चातुर्मासाचा नेम केला, की आषाढी ते कार्तिकी एकादशी असे दोन काठ मिळतात. सुमारे 9,000 ओव्या चार महिन्यांत, म्हणजे रोज साधारण 75. अध्यायांच्या हिशेबाने वाटणी करू नये, कारण बाराव्या अध्यायात अडीचशेहून कमी ओव्या आहेत आणि अठराव्यात अठराशेहून अधिक; तेवढ्यात नेम मोडतो.

‘आणि मुदत उलटली तर?’ हा पुढचा प्रश्नही ठरलेला असतो. कारवी 2040 मध्ये पुन्हा फुलेल, चातुर्मास तर दरवर्षी येईल. तिथे मी नवी तारीख लिहीन आणि त्याचे वाईट वाटून घेणार नाही. पण सगळ्याच गोष्टी फिरून येत नाहीत. कळव्याला राहणाऱ्या माझ्या आत्यांना मुरबाडकडच्या जात्यावरच्या कितीतरी ओव्या पाठ आहेत. त्या कुठेही लिहिलेल्या नाहीत, आत्यांनी पंचाऐंशी ओलांडली आहे आणि अलीकडे एखादी ओवी म्हणताना मधला चरण त्यांना आठवत नाही. त्या सगळ्या ओव्या त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून अर्थासह उतरवून घ्यायच्या, ही माझ्या यादीतली सर्वांत वरची ओळ आहे. हिची मुदत कोणालाच ठाऊक नाही, म्हणून तिच्यापुढे साल न घालता मी ‘दर रविवारी’ असे लिहिले आहे.