मामाची फार्गो

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात जड वस्तू फार वर्षं एका जागी ठेवू नये. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि दर साली त्या वस्तूचा एकेक घास घेते. मामाच्या बांधावरच्या फार्गोची मागची चाकं अशीच निम्मी गिळलेली. "ज्वारी निघाल्याबिगर गाडी निघायची न्हाई," असं मामाने दिवाळीतच बजावलं होतं, म्हणून आम्ही गेलो ते थेट चैत्रात.

फार्गो म्हणजे क्रायस्लरचा ट्रक. कुणावर डॉज लिहिलेलं, कुणावर डिसोटो, कुणावर फार्गो, पत्रा तोच. आपल्याकडे तो कुर्ल्याहून, प्रीमियरच्या कारखान्यातून यायचा आणि ती कंपनी १९४४ साली काढली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. म्हणून गाडी आपल्याच जिल्ह्याची, असा मामाचा हिशेब. तो खोडायला मी गेलो नाही. फुकट गाडी देणाऱ्याशी वाद घालू नये. नंबरप्लेटवर 'एमएच १३' यायच्या आधीची तीन अक्षरं अजून वाचता येत होती. हौद्याचं लाकूड वाळवीने कधीच संपवलेलं, फाळका तेवढा गोठ्याचं दार होऊन जगला होता.

आधी कुजलेली टायरं काढून उसनी चाकं चढवायची होती. मिस्त्री चहा पीत होते, तोवर म्हटलं आपण सुरुवात करू. पुढच्या डाव्या चाकाच्या नटाला पाना लावला, पान्याला पाईप अडकवला आणि जीव खाऊन लोंबकळलो. नट ढिम्म. मिस्त्रींनी सावकाश कप विसळला आणि म्हणाले, "दादा, डावीकडचे आटे उलटे असत्यात. मगापास्नं तुमी आवळताय."

चाकं चढली. मागची माती खणली, जेसीबीवाला साखळी बांधायला वाकला, तेवढ्यात मामी आली आणि केबिनच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. आत, सीटच्या सांगाड्यात, कोंबडी अंड्यांवर बसलेली. "आठ दिस ऱ्हायल्यात अजून," मामी म्हणाली. मी टोपलीचा पर्याय सुचवला. मामीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी गप्प खाली उतरलो. जेसीबीवाल्याला तासाचे पैसे देऊन परत पाठवलं. एवढी वर्षं थांबलेल्या गाडीसाठी एका कोंबडीची मुदत मोजत बसणं मला तेव्हा हास्यास्पद वाटलं होतं. पण 'पडून असलेली गाडी' हा शब्द आमचाच. मामीच्या लेखी ती रोज वापरात होती.

नवव्या दिवशी अकरा पिल्लं अंगणात होती आणि पत्र्याचं नवं खुराडं माझ्या खर्चाने आलं होतं. जेसीबीने पहिल्याच हिसक्यात गाडी उपटली. इंजिन मात्र जाम आहे. नोझल काढून आत ऑइल ओतून ठेवलंय, बघू.

गाडी ट्रेलरवर चढवून आम्ही पट्टे आवळत होतो. शेजारी मामा फोनवर कडब्याच्या गिऱ्हाइकाला वाट सांगत होता. "सरळ ये रं, चुकायचं कामच न्हाई. फार्गो दिसली की डावीकडं वळ."